चांगले वागणे आणि चांगले असणे : सवयीने स्वभाव घडतो का?

निळी शाई (धागाकर्ती)

माझे वडील अंथरुणाला खिळल्यापासून ते जाईपर्यंत तीन वर्षे आणि दोन महिने गेले. त्या सर्व काळात त्यांची शुश्रूषा मुख्यतः मीच केली. त्यांना कुशीवर वळवणे, औषधांच्या वेळा सांभाळणे, रात्री दोन-तीनदा उठणे यांत माझ्याकडून हयगय झाली नाही, आणि त्यांच्याशी मी कधी चढ्या आवाजात बोलले नाही. आज नातेवाईक माझ्याविषयी बोलताना 'तिने सगळे मनापासून केले' असे म्हणतात, आणि तो 'मनापासून' हा शब्द मला सहन होत नाही, कारण तो खरा नाही.

औषधांच्या नोंदीसाठी मी एक वही ठेवली होती. तिच्या मागच्या पानांवर मी दुसरी एक नोंद ठेवू लागले : भावंडांपैकी कोण किती दिवसांनी आले, किती तास थांबले, कोणी केवळ दूरध्वनीवर भागवले. पहिल्या वर्षी या नोंदी तुरळक होत्या. दुसऱ्या वर्षी त्या रोजच्या झाल्या आणि त्यांत वडीलही शिरले. एका दिवसाखाली माझ्याच अक्षरात लिहिले आहे, 'आज तीनदा विनाकारण हाक मारली.' वडील गेल्यानंतर पाचव्या महिन्यात ही ओळ माझ्या वाचनात आली. ती लिहिल्याचे मला आठवतही नव्हते.

गेले वर्षभर मी ॲरिस्टॉटलचे 'निकोमाखियन नीतिशास्त्र' हळूहळू वाचत आहे. त्याच्या दुसऱ्या भागात तो म्हणतो की सद्गुण आपल्यात निसर्गतः नसतात आणि निसर्गाविरुद्धही नसतात. ते स्वीकारण्याची पात्रता आपल्यात असते आणि सवयीने ती पूर्णत्वाला जाते. दगड दहा हजार वेळा वर फेकला तरी त्याला वर जाण्याची सवय लागत नाही, पण माणूस न्यायाची कृत्ये करत न्यायी होतो आणि धैर्याची कृत्ये करत धीट होतो. हे वाचताना मला दिलासा मिळायला हवा होता. प्रत्यक्षात मी अस्वस्थ झाले. तीन वर्षे मी रोज सहनशीलतेची कृत्ये केली. सवयीला याहून अधिक काळ किंवा याहून अधिक सलग सराव कोणाला मिळणार? तरीही अखेरीस मी सुरुवातीपेक्षा कमी सहनशील झाले होते. केवळ ते लपवण्यात अधिक तरबेज झाले होते.

म्हणून दोन प्रश्न विचारते. माझ्या हातून घडले त्याला सद्गुण म्हणावे की निव्वळ संयम? आणि सवयीचा सिद्धान्त खरा असेल, तर माझ्या बाबतीत तो खोटा का ठरला?

दीर्घसूत्र

मी अनेक वर्षे महाविद्यालयात नीतिशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. तो सवयीचा दोष मानून घ्यावा.

पहिल्या प्रश्नाचे ॲरिस्टॉटलचे उत्तर कठोर आहे. त्याच्या मते कृतीसोबत येणारे सुख किंवा दुःख हे स्वभावाचे लक्षण असते. जो भोगांपासून दूर राहतो आणि त्यातच संतोष मानतो तो मिताचारी. जो दूर राहतो पण कुढतो, तो अजून तेथवर पोहोचलेला नाही. पुढे सातव्या भागात तो संयमी माणूस आणि सद्गुणी माणूस यांत स्पष्ट भेद करतो. संयमी माणसाच्या मनात विपरीत इच्छा उसळत असतात आणि तो त्यांवर मात करतो; सद्गुणी माणसाच्या बाबतीत अशा लढाईचा प्रसंगच सहसा येत नाही. या मोजमापाने तुमची तीन वर्षे संयमाची ठरतात.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने मात्र 1785 मध्ये लिहिलेल्या नीतिविषयक ग्रंथात जवळजवळ उलट बाजू घेतली. ज्याचे मन स्वतःच्या दुःखाने झाकोळले आहे, ज्याला इतरांविषयी आता काहीच वाटत नाही, तरीही जो केवळ कर्तव्य म्हणून मदतीला जातो, त्याच्या कृतीत नैतिक मोल प्रथमच निखळपणे प्रकट होते, असे त्याचे म्हणणे. कांटच्या तराजूत तुमचे पारडे चांगलेच जड आहे.

या दोघांमध्ये मला सर्वात उपयोगी वाटते ती इंग्रज तत्त्वज्ञ फिलिपा फुट यांची 1978 मधील मांडणी. एखादे सत्कृत्य करणे अवघड गेले, तर ते अवघड का गेले हे त्या आधी विचारायला सांगतात. अडचण परिस्थितीतून आली असेल, तर तिच्यावर मात करणाऱ्याचा सद्गुण अधिक दिसतो. गरिबीने गांजलेल्या माणसाला कोणी पाहत नसताना चोरीची संधी मिळाली आणि त्याने ती नाकारली, तर त्याचा प्रामाणिकपणा कसोटीला उतरला. पण अडचण स्वभावातूनच आली असेल, म्हणजे कोणाचे काहीही सहज हाती लागले की ज्याला मोह होतो असा तो माणूस असेल, तर त्याच्या झगड्याने त्याचा प्रामाणिकपणा वाढत नाही. त्यातली उणीव तेवढी कळते. हा भेद लावला की तुमची तीन वर्षे एकसंध राहत नाहीत. रात्रीमागून रात्री झोप मोडणे ही परिस्थिती आहे आणि त्या थकव्यातून आलेली चिडचीड मी स्वभावाच्या खाती टाकणार नाही. वहीची मागची पाने मात्र थकव्याने लिहिली नाहीत. थकलेला माणूस झोपतो. तो हिशेब मांडत बसत नाही.

हे स्पष्टपणे लिहिल्याबद्दल क्षमा असावी. आपण प्रश्न गांभीर्याने विचारला आहे, म्हणून उत्तरही तसेच देणे मला योग्य वाटले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच दुसऱ्या भागात आहे आणि ते सहसा वाचकांच्या नजरेतून निसटते. वाद्य वाजवूनच उत्तम वादक तयार होतात आणि वाद्य वाजवूनच वाईट वादकही तयार होतात, असे ॲरिस्टॉटल लिहितो. बांधकाम करणाऱ्यांचेही तसेच. तसे नसते तर शिक्षकाची गरजच पडली नसती. म्हणजे पुनरावृत्ती ही दोन्हीकडे नेणारी वाट आहे. आपण रोज दोन गोष्टींचा सराव केला. हातांनी शुश्रूषेचा केला आणि मनाने हिशेबाचा केला. दोन्ही सराव सलग तीन वर्षे चालले आणि दोन्ही पक्के झाले. सिद्धान्त खोटा ठरलेला नाही, ताई. तो दोनदा खरा ठरला आहे.

काठावरचा

वरील विवेचन वाचनीय आहे, परंतु ते एका गृहीतावर उभे आहे : 'स्वभाव' नावाची स्थिर वस्तू माणसाच्या आत असते आणि ती त्याच्या वागण्याचे कारण असते. मला या गृहीताविषयीच शंका आहे.

डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग घ्या. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या 40 विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण देण्यासाठी पाठवले. वाटेत एक माणूस दारापाशी कोसळून कण्हत होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी 63 टक्के थांबले, मध्यम घाईतले 45 टक्के आणि फार घाईतले केवळ 10 टक्के. त्यांच्यापैकी निम्म्यांना जे भाषण द्यायचे होते, ते वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परोपकारी प्रवाशाच्या बोधकथेवरच होते. अमेरिकेतील येल विद्यापीठात 1961 मध्ये सुरू झालेल्या मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅम यांच्या प्रयोगांत, 1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मालिकेतील 40 सामान्य माणसांपैकी 26 जणांनी अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून, समोरच्याला विजेचा झटका बसत आहे असे समजूनही, सर्वात तीव्र झटक्याच्या शेवटच्या खटक्यापर्यंत मजल मारली. हे 26 जण क्रूर स्वभावाचे होते, असे म्हणायला कोणताही आधार नाही.

म्हणून धागाकर्तीने स्वतःला विचारायचा प्रश्न 'मी कशी आहे?' हा नसून 'ती परिस्थिती कशी होती?' हा असावा. एका माणसावर अहोरात्र शुश्रूषेचा भार टाकला तर वही लिहिली जाणारच. भावंडांनी पाळ्या लावून घेतल्या असत्या तर हा धागा निघालाच नसता.

रात्रपाळी

मी रुग्णालयात परिचारिका आहे, या कामात एकोणीस वर्षे झाली. तत्त्वज्ञानाचा अभ्यास माझ्यापाशी नाही, पण वर 'शिक्षकाची गरज' हा मुद्दा आला तेथे मी थांबले, म्हणून लिहिते.

नवीन असताना मी एका वृद्ध रुग्णाची कूस बदलत होते. पद्धत बरोबर होती, हात जेथे हवेत तेथे होते. माझ्या वरिष्ठ परिचारिका शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, 'तू त्यांना वळवते आहेस खरी, पण त्यांना सांगितले आहेस का?' मी रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यांनी घाबरून डोळे मिटून घेतले होते. मी इतका वेळ त्यांच्या पाठीकडेच पाहत होते. पुढल्या काही महिन्यांत बाईंनी मला दयाळू हो, प्रेमळ हो असे एकदाही सांगितले नाही. त्या केवळ मी कोठे पाहत नाही ते दाखवत राहिल्या : रुग्ण पाणी मागत नाही कारण त्याला पुन्हा उठवून घेण्याचा संकोच आहे, हा वारंवार घंटा वाजवतो कारण त्याला अंधाराची भीती वाटते, दुखत नाही. एकदा भीती दिसली की घंटेचा राग येत नाही. तो गिळावा लागत नाही, कारण तो उठतच नाही. मी संयमी झाले असे मला कधी वाटले नाही. मला दिसू लागले, इतकेच.

धागाकर्ती ताईंना सांगावेसे वाटते ते हे, की त्यांच्या शेजारी उभे राहून दाखवणारे कोणी नव्हते. तीन वर्षे त्या एकट्या होत्या. वाद्य एकट्याने, कोणी न ऐकता तीन वर्षे वाजवले तर चुकाच पक्क्या होतील. यात त्यांचा दोष किती आणि एकटेपणाचा किती, हे मला ठरवता येत नाही.

दीर्घसूत्र

'रात्रपाळी' यांनी जे लिहिले ते वाचून मी काही वेळ पुढे काही लिहू शकलो नाही. ॲरिस्टॉटल ज्याला 'फ्रोनेसिस' म्हणतो, म्हणजे त्या त्या प्रसंगी काय योग्य ते ओळखण्याची समज, ज्याचे भाषांतर मी वर्षानुवर्षे 'व्यवहारप्रज्ञा' असे करून पुढच्या परिच्छेदाकडे वळत असे, त्याचे इतके नेमके वर्णन माझ्या एकाही तासाला मला जमले नाही.

'काठावरचा' यांच्या आक्षेपाविषयी. प्रयोग खरे आहेत आणि त्यांनी आपल्या आत्मविश्वासाला दिलेला धक्काही आवश्यक होता. पण ॲरिस्टॉटलने बहुसंख्य लोक सद्गुणी असतात असे कोठेही म्हटलेले नाही. दृढ स्वभाव ही विरळा आणि दीर्घ परिश्रमाने साधणारी गोष्ट आहे, असेच तो मानतो. 40 पैकी 26 जण मोडले, यावरून स्थिर स्वभाव दुर्मीळ आहे हे सिद्ध होते. तो अशक्य आहे हे सिद्ध होत नाही. उरलेल्या 14 जणांविषयी आपण काय म्हणणार? शिवाय घाईच्या प्रयोगाचा एक अर्थ मला नेहमी अस्वस्थ करतो. घाईत असलेल्या विद्यार्थ्यांची करुणा नाहीशी झाली असे समजण्याचे कारण नाही. घाईने त्यांची दृष्टी अरुंद केली असावी. तसे असेल, तर हा प्रयोग 'रात्रपाळी' यांच्याच म्हणण्याला बळ देतो. आणि स्वतःला फार घाईत पडू न देणे, ही जबाबदारी मग चारित्र्याच्याच कक्षेत येते.

काठावरचा

शेवटचे वाक्य मान्य आहे. आपण कोणत्या परिस्थितीत स्वतःला जाऊ देतो याची निवड चारित्र्यात मोजायची असेल, तर माझा विरोध बराच मावळतो. पण मग भावंडांकडे मदत मागणे हाही सद्गुणाचाच भाग ठरतो, आणि त्याविषयी येथे अद्याप कोणी लिहिलेले नाही.

मातीचा दिवा

माझे म्हणणे थोडे वेगळ्या बाजूचे आहे. ज्या घरात मी वाढलो तेथे हात उगारणे ही बोलण्याची रीत होती. सवयीने स्वभाव घडतो हे वाक्य ऐकले की इतरांना आशा दिसते. मला भीती वाटते, कारण माझ्या पहिल्या सवयी मी निवडलेल्या नव्हत्या. लहानपणापासून अशा की तशा सवयी लागतात याने थोडा फरक पडत नाही, फार मोठा, किंबहुना सगळाच फरक पडतो, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते.

नंतर दोन ठिकाणी मला आधार सापडला. एक त्याच भागाच्या शेवटी आहे : आपला कल जिकडे आहे त्याच्या विरुद्ध बाजूला स्वतःला ओढावे, वाकलेले लाकूड सरळ करताना माणसे करतात तसे. म्हणजे लाकूड वाकलेले असू शकते, हे त्याला ठाऊक होते. दुसरे पतंजलीच्या योगसूत्रांत आहे. विपरीत विचार त्रास देऊ लागले तर प्रतिपक्षाची भावना करावी, म्हणजे त्यांच्या विरुद्ध विचार मनात आणावा, असे तो सांगतो; आणि अभ्यास दृढ कधी होतो याच्या तीन अटी घालतो : तो दीर्घकाळ हवा, त्यात खंड नको, आणि तो सत्कारपूर्वक, म्हणजे आदराने केलेला हवा. धागाकर्तीच्या तीन वर्षांत पहिल्या दोन अटी पुऱ्या झाल्या. तिसरीविषयी त्यांनी स्वतःच लिहिले आहे.

माझ्या मुलाने आता सातव्या वर्षात पदार्पण केले आहे. राग आला की मी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतो. तो याला 'बाबांची उभे राहण्याची पद्धत' समजतो आणि स्वतःही तसाच उभा राहतो. फुट यांच्या कसोटीवर माझी ही अडचण स्वभावातून आलेली आहे की परिस्थितीतून, हे दीर्घसूत्र सरांनी सांगावे. मला ते खरोखर कळत नाही.

दीर्घसूत्र

मलाही कळत नाही. फुट यांचा भेद येथे पुरा पडत नाही, कारण आपली परिस्थितीच आपला स्वभाव होऊन बसली होती. परंतु एका पिढीत जो संयम आहे तो पुढच्या पिढीत सहजभाव होऊ शकतो, हे आपल्या मुलाच्या उभे राहण्यात मला दिसते, आणि ॲरिस्टॉटलच्या वर्गवारीत या गोष्टीला जागा नाही याचे आज प्रथमच वाईट वाटले.

मूकवाचक

एक व्यावहारिक सूचना मनात आली होती, ती लिहिता लिहिता मागे घेत आहे. तरी का मागे घेतली ते सांगते. अमेरिकेचे मुत्सद्दी आणि लेखक बेंजामिन फ्रँकलिन यांनी 13 सद्गुणांची यादी करून एक छोटी वही आखली होती. दर आठवड्याला एका सद्गुणावर विशेष लक्ष द्यायचे, चूक झाली की त्या दिवसाच्या चौकटीत काळा ठिपका काढायचा. 13 आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार फेऱ्या. धागाकर्तीने मागच्या पानांऐवजी अशी वही ठेवावी, असे मी सुचवणार होते.

मग लक्षात आले की ही वहीसुद्धा हिशेबाचीच आहे. फ्रँकलिन यांनीही नम्रतेविषयी कबुली दिली आहे की तिचे बाह्य रूप बरेच साधले, पण ती प्रत्यक्षात अंगी बाणवण्यात फारसे यश आल्याचे सांगता येत नाही. मेंशियस या चिनी तत्त्वज्ञाने सांगितलेली एक गोष्ट येथे आठवते. सोंग राज्यातील एका शेतकऱ्याला आपली रोपे भरभर वाढत नाहीत याची चिंता लागली, म्हणून त्याने प्रत्येक रोप थोडेथोडे वर ओढले. थकून घरी आला आणि म्हणाला, 'आज मी रोपांना वाढायला मदत केली.' मुलगा धावत शेतात गेला, तर सगळी रोपे सुकून गेलेली. मेंशियस त्याच ठिकाणी हेही सांगतो की काही उपयोग नाही म्हणून शेत सोडून देणारे तण उपटत नाहीत. तण काढावे, रोप ओढू नये. वहीने तण दिसत असेल. वहीने रोप वाढते असे मला वाटत नाही.

निळी शाई (धागाकर्ती)

सर्वांचे प्रतिसाद मी अनेकदा वाचले. दीर्घसूत्र सर, आपले 'थकलेला माणूस हिशेब मांडत बसत नाही' हे वाक्य पहिल्या दिवशी फार लागले. दुसऱ्या दिवशी ते खरे वाटले, आणि खरे वाटल्यावर त्याचा त्रास कमी झाला.

'काठावरचा' यांनी मदत मागण्याविषयी लिहिले त्याचे उत्तर मला द्यायला हवे. मी भावाला एकदाही 'ये' असे म्हटले नाही. त्याने आपणहून यावे अशी माझी अपेक्षा होती, आणि तो न आल्याची नोंद करणे मला त्याला बोलावण्यापेक्षा सोपे गेले. नोंदीत माझी बाजू वरचढ राहत होती. बोलावले असते तर तो कदाचित आला असता. हे लिहिताना लाज वाटते, पण ही लाज मला टाळायची नाही.

कादंबरीकार आणि तत्त्वज्ञ आयरिस मरडॉक यांच्या 1970 मधील पुस्तकातले एक उदाहरण या निमित्ताने मी शोधून वाचले. एका सासूला आपली सून उथळ आणि अशिष्ट वाटते. सासूचे वागणे मात्र पहिल्यापासून निर्दोष असते. पुढे ती स्वतःला सांगते की माझी नजर पूर्वग्रहाची असेल, मी पुन्हा पाहते. आणि न्यायाने, लक्षपूर्वक पाहता पाहता तिला तीच सून उथळऐवजी निर्मळ आणि आनंदी दिसू लागते. मरडॉक मुद्दाम अशी कल्पना करायला सांगतात की सून तोवर परदेशी गेली आहे किंवा वारली आहे, म्हणजे सासूच्या वागण्यात काही फरक पडण्याचा प्रश्नच उरू नये. तरीही काही घडलेले असते, आणि ते नैतिकदृष्ट्या मोलाचे असते, हा त्यांचा मुद्दा. मी ते पान दोनदा वाचले.

काल रात्री वही काढली आणि 'आज तीनदा विनाकारण हाक मारली' या ओळीपाशी बसले. रात्रपाळी ताई, तुमच्या वरिष्ठ परिचारिका शेजारी उभ्या आहेत असे समजून तो दिवस आठवू लागले. पहिली हाक आठवली : खिडकी लावली का, हे विचारण्यासाठी होती, बाहेर वारा सुटला होता आणि मी त्याच खोलीत जमिनीवर झोपत असे. दुसरी हाक वार विचारण्यासाठी होती. मी 'गुरुवार' म्हटले, तेव्हा ते म्हणाले, 'म्हणजे तुला उद्याही लवकर उठायचे आहे.' तिसरी हाक कशासाठी होती ते कितीही आठवले तरी आठवत नाही. मूळ ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली या दोन हाका लिहिल्या आणि तिसरीसाठी जागा सोडली.

भावाला मी दूरध्वनी केला आहे. तो रविवारी येणार आहे. वही त्याला दाखवायची की नाही, हे अजून ठरलेले नाही.